विश्लेषण : अकराव्या वर्षीची एक परीक्षा आणि आल्बेर काम्यू... फ्रान्समधील माध्यमिक शिक्षण चालते कसे?

साहित्याचे नोबेल मिळाले तेव्हा आल्बेर काम्यू ४४ वर्षांचे होते. बातमी कळल्यानंतर आपल्या मनात आधी आईचा विचार आला आणि लगोलग प्राथमिक शाळेतल्या गुरुजींचा, असे त्यांनी त्या गुरुजींना पत्र लिहून कळवले. हे पत्र आज फ्रान्समध्ये शाळेविषयी बोलताना हमखास आठवले जाते. पण एका लेखकाला प्राथमिक शिक्षकाचे एवढे ऋण का वाटावे? याचे उत्तर त्या काळच्या फ्रेंच शिक्षण व्यवस्थेत आहे. अकराव्या वर्षी एक शिष्यवृत्ती परीक्षा झाली नसती, तर काम्यू बहुधा एखाद्या कारखान्यात उमेदवारी करत मोठे झाले असते. त्यांचे आयुष्य आणि ती व्यवस्था, दोन्ही समजून घेऊ.

काम्यू यांचे बालपण कुठे गेले?

काम्यू यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९१३ रोजी अल्जीरियातील मोंडोवी या गावी झाला. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. वडील लुसियाँ द्राक्षाच्या मळ्यांशी संबंधित व्यवसायात नोकरीला होते. पहिले महायुद्ध सुरू होताच त्यांना सैन्यात बोलावणे आले. मार्नच्या लढाईत ते जखमी झाले आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये रुग्णालयात दगावले. आल्बेर तेव्हा वर्षाचाही नव्हता.

आई दोन मुलांना घेऊन राजधानी अल्जिअर्समधील बेलकूर या कष्टकऱ्यांच्या वस्तीत आपल्या आईकडे राहायला आली. तिला कमी ऐकू येत असे, लिहिता-वाचता येत नव्हते. ती लोकांच्या घरी धुणीभांडी, साफसफाई करी. तीन खोल्यांचे घर, त्यात ना वीज, ना नळ. आजी, आई, मामा आणि दोन मुले एवढी माणसे. घरात सत्ता आजीची. तीही निरक्षर आणि शिस्तीला कडक. घरात एकही पुस्तक नव्हते.

तेव्हाच्या शाळा कशा होत्या?

काम्यू यांच्या आयुष्यातला पेच कळण्यासाठी हा भाग महत्त्वाचा आहे. फ्रान्समध्ये १८८१ आणि १८८२ मध्ये शिक्षणमंत्री ज्यूल फेरी यांच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले. ६ ते १३ वर्षांच्या मुलांना शिकवणे बंधनकारक झाले. पण मोफत होते ते फक्त प्राथमिक. माध्यमिक शिक्षण देणारे 'लिसे' फी घेत असे.

लिसे ही नेपोलियनच्या काळात, १८०२ मध्ये सुरू झालेली सरकारी शाळा. राज्यकारभारासाठी अधिकारी आणि लष्करासाठी अंमलदार घडवणे हा तिचा हेतू. या शाळांना स्वतःचे प्राथमिक वर्गही असत. म्हणजे वकील, डॉक्टर, व्यापाऱ्यांची मुले सहाव्या वर्षी लिसेच्या लहान वर्गात जात आणि अठराव्या वर्षी त्याच फाटकातून बाहेर पडत. गरिबांच्या मुलांसाठी गावची किंवा वस्तीची शाळा. ती मुले बारा-तेराव्या वर्षी प्राथमिक शिक्षणाचे प्रमाणपत्र घेत आणि कामाला लागत.

थोडक्यात, हे एकाच जिन्याचे खालचे-वरचे मजले नव्हते. शेजारी शेजारी उभे असलेले दोन वेगळे जिने होते. एकावरून दुसऱ्यावर जायला पूल एकच, तो म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा. ती वेळेवर, साधारण अकराव्या वर्षी द्यावी लागे. ती संधी हुकली की लिसेचा विषय संपला.

लुई झेर्मां यांनी नेमके काय केले?

बेलकूरच्या सरकारी शाळेतले लुई झेर्मां हे काम्यूचे शिक्षक. ते स्वतः पहिले महायुद्ध लढून आलेले होते. आपल्या वर्गातल्या, युद्धात वडील गमावलेल्या मुलांकडे त्यांचे विशेष लक्ष असे. शिस्त मोडली तर छडीही बसत असे. पण मुलांना ते आवडत, कारण वर्गात ते मुलांना जगाविषयी काही कळण्याच्या लायकीचे समजत.

काम्यूमधली चमक त्यांनी हेरली. शाळा सुटल्यावर थांबवून ते त्याच्यासह निवडक मुलांचा शिष्यवृत्तीसाठी अभ्यास घेऊ लागले. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पण खरी अडचण अभ्यासाची नव्हती, घरची होती. थोरला भाऊ आधीच कामाला लागला होता. आल्बेरनेही उमेदवारी करावी आणि चार पैसे आणावेत, असे आजीचे मत होते. शिष्यवृत्तीतून फी सुटली असती, जेवणाची सोय झाली असती. पण मुलाची मजुरी कोण भरून देणार? लिसे म्हणजे पुढची सहा-सात वर्षे घरात पैसा नाही.

झेर्मां स्वतः त्यांच्या घरी गेले आणि आजीशी बोलले. ती तयार झाली. १९२४ मध्ये काम्यू परीक्षा उत्तीर्ण झाला आणि अल्जिअर्सच्या मोठ्या लिसेत दाखल झाला. युद्धात वडील गमावलेल्या मुलांना सरकारने 'राष्ट्राचे पाल्य' असा दर्जा दिला होता, त्याचाही आधार होता. पण घरी जाऊन बोलणारा शिक्षक नसता तर हा दर्जा कागदावरच राहिला असता.

सहावीनंतर पाचवी, मग चौथी?

फ्रान्समध्ये माध्यमिक वर्गांची मोजणी उलटी चालते. ती तेव्हाही तशीच होती आणि आजही आहे. अकराव्या वर्षी मूल 'सिझिएम' म्हणजे सहाव्या वर्गात येते. योगायोगाने हे वय आपल्या सहावीचेच. पण पुढच्या वर्षी ते पाचव्यात जाते, मग चौथ्यात, तिसऱ्यात, दुसऱ्यात आणि पहिल्यात. त्यानंतर येतो शेवटचा वर्ग, ज्याला आज 'तेर्मिनाल' म्हणतात. गुण २० पैकी दिले जातात आणि १० म्हणजे उत्तीर्ण.

काम्यू सिझिएममध्ये आला तेव्हा त्याला या मोजणीपेक्षा मोठे धक्के बसायचे होते. बेलकूर शहराच्या एका टोकाला, लिसे दुसऱ्या टोकाला. रोज ट्रामने जायचे. दुपारचे जेवण शिष्यवृत्तीवर शाळेतच. वर्गात लॅटिन होते, जे वस्तीच्या शाळेत कुणी ऐकलेही नव्हते. एका गुरुजींऐवजी प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक होते.

आणि पहिल्यांदाच कळले की आपण गरीब आहोत. बेलकूरमध्ये सगळेच तसे असल्याने तो प्रश्न पडला नव्हता. काम्यू यांच्या अखेरच्या आत्मकथनपर कादंबरीतला मुलगा लिसेच्या अर्जात आईचा व्यवसाय काय लिहायचा यावर अडतो. मोलकरीण असे लिहिताना त्याला लाज वाटते आणि लगेच त्या लाजेचीच लाज वाटते. शाळेत जे शिकले ते घरी सांगता येत नाही आणि घरचे शाळेत सांगता येत नाही, हे दुहेरी आयुष्य काम्यू यांच्या लेखनात पुढेही येत राहिले.

सुट्टीत मात्र आजीचा नियम लागू होई. उन्हाळ्यात नातवाने कुठे ना कुठे नोकरी करायची. लोखंडी सामानाच्या दुकानात, जहाजांच्या दलालाकडे त्याने कामे केली. खेळात तो फुटबॉलचा गोलरक्षक होता आणि विद्यापीठाच्या क्लबच्या कनिष्ठ संघातून खेळत असे.

'बाक' म्हणजे काय आणि त्याला एवढे महत्त्व का?

लिसेच्या शेवटी येते 'बाकालोरेआ', बोलीभाषेत 'बाक'. ही परीक्षाही नेपोलियनच्या काळातली, १८०८ सालची. तिचे वैशिष्ट्य असे, की ती शाळा सोडल्याचा दाखला आणि विद्यापीठात प्रवेशाचा परवाना अशी दोन्ही कामे करते. काम्यूच्या वेळी ती दोन भागांत होत असे. पहिला भाग 'पहिल्या' वर्गाच्या शेवटी आणि दुसरा शेवटच्या वर्षी. एका पिढीतील शंभर मुलांमागे जेमतेम दोन-तीन जण ती उत्तीर्ण होत.

शेवटच्या वर्गात काम्यूने तत्त्वज्ञान घेतले. शिक्षक होते झाँ ग्रेनिए, स्वतः लेखक. त्यांच्यामुळे काम्यूला लेखनाची दिशा मिळाली. पण वर्ष सुरू होऊन काही महिने होत नाहीत तोच १९३०च्या हिवाळ्यात त्याला रक्ताची उलटी झाली. निदान क्षयाचे. तेव्हा क्षयावर खात्रीचे औषध नव्हते. गोलरक्षण संपले, शाळाही थांबली. ग्रेनिए आजारी विद्यार्थ्याला भेटायला बेलकूरच्या घरी गेले. पुढे काम्यू खाटीक असलेल्या आपल्या मावशीच्या यजमानांकडे राहायला गेला. तिथे खायला सकस अन्न होते आणि वाचायला पुस्तकेही.

तत्त्वज्ञानाचा वर्ग त्याने पुन्हा केला आणि १९३२ मध्ये बाकचा दुसरा भाग पार केला.

मग काम्यू शिक्षक का झाले नाहीत?

बाकनंतर फ्रान्समध्ये दोन वाटा होत्या आणि आजही आहेत. एक विद्यापीठाची. दुसरी 'प्रेपा'ची, म्हणजे दोन वर्षांच्या कसून तयारीची. हे वर्ग लिसेच्याच इमारतीत भरतात आणि तिथून नामांकित उच्च शिक्षण संस्थांच्या स्पर्धा परीक्षा दिल्या जातात. काम्यूने साहित्य शाखेच्या तयारी वर्गाचे पहिले वर्ष अल्जिअर्समध्ये केले. नंतर त्याने अल्जिअर्स विद्यापीठाची वाट धरली. तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आणि १९३६ मध्ये प्लोटायनस व संत ऑगस्टिन यांच्यावरील प्रबंधासह पुढील पदविकाही मिळवली.

पुढची पायरी होती 'आग्रेगासिओँ'. लिसेत शिकवणाऱ्या वरिष्ठ शिक्षकांची निवड करणारी ही देशव्यापी स्पर्धा परीक्षा. ती उत्तीर्ण होणे म्हणजे आयुष्यभराची सरकारी नोकरी. त्यासाठी आरोग्याचा दाखला लागे. क्षयामुळे काम्यू यांना तो मिळाला नाही. ज्या व्यवस्थेने अकराव्या वर्षी दार उघडले, तिनेच तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी ते बंद केले.

काम्यू यांनी मोटारींचे सुटे भाग विकले, हवामान संस्थेत नोंदी ठेवल्या. एका लहान शहरातल्या शाळेत शिकवण्याची नोकरी आली, ती त्यांनी नाकारली. अखेर १९३८ मध्ये ते 'आल्जे रेपुब्लिकँ' या दैनिकात वार्ताहर झाले.

बेलकूरच्या बाहेरच्या मुलांचे काय?

काम्यू गरीब होते, पण युरोपीय वंशाचे होते. अल्जीरियातील बहुसंख्य अरब आणि बर्बर मुलांसाठी लिसे तर दूरच, प्राथमिक शाळाही नव्हती. त्यांच्या लिसेतही अशी मुले मोजकीच होती. शिष्यवृत्तीचा पूल अस्तित्वात असून उपयोग काय, जर त्याच्यापर्यंत जाणारा रस्ताच नसेल?

जून १९३९ मध्ये काम्यू यांनी काबिलिया या डोंगराळ भागातील उपासमारीवर लेखमाला लिहिली. तिचा एक भाग शिक्षणावर होता. दिखाऊ, खर्चिक इमारती मोजक्या ठिकाणी बांधण्यापेक्षा साध्या शाळा जास्त संख्येने बांधाव्यात आणि युरोपीय व स्थानिक मुलांना वेगवेगळे शिकवणे थांबवावे, अशी त्यांची मांडणी होती. स्वतः पूल ओलांडून आलेला माणूस पलीकडे राहिलेल्यांची मोजदाद करत होता. पुढे अल्जीरियाच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नावर त्यांनी घेतलेल्या भूमिकेवर दोन्ही बाजूंनी टीका झाली, तो वाद आजही संपलेला नाही.

नोबेल, पत्र आणि अपघात

१९४२ मध्ये 'लेत्राँजे' ही कादंबरी आली आणि काम्यू हे नाव सर्वतोमुखी झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये ते 'काँबा' या भूमिगत वृत्तपत्रात काम करत होते. १९४७ मध्ये 'ला पेस्त' प्रसिद्ध झाली. ऑक्टोबर १९५७ मध्ये नोबेल जाहीर झाले आणि १९ नोव्हेंबरला त्यांनी झेर्मां यांना ते पत्र लिहिले. गरीब मुलाला तुम्ही हात दिला नसता, शिकवले नसते, तर यातले काही घडले नसते, असा त्याचा आशय. नोबेल समारंभातील भाषण पुस्तकरूपाने आले तेव्हा त्यांनी ते झेर्मां यांना अर्पण केले.

४ जानेवारी १९६० रोजी पॅरिसकडे येताना विलब्लव्हँ गावाजवळ मोटार झाडावर आदळली. काम्यू जागीच गेले. वय ४६. त्यांच्या बॅगेत एका अपूर्ण कादंबरीचे हस्तलिखित होते. अर्जावर आईचा व्यवसाय लिहिताना अडणारा मुलगा आणि घरी येऊन आजीला समजावणारे गुरुजी त्यातच आहेत. 'ल प्रमिए ऑम' ('पहिला माणूस') या नावाने ती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. शेवटी काम्यू आणि झेर्मां यांची पत्रेही छापली आहेत.

आता ही व्यवस्था कशी चालते?

दोन जिन्यांची रचना टप्प्याटप्प्याने मोडली गेली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी माध्यमिक शिक्षणाची फी रद्द झाली, पण सोबत प्रवेश परीक्षा आली. १९५९ मध्ये सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा १६ वर्षांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. १९७५च्या कायद्याने प्राथमिकनंतरची चार वर्षे सर्व मुलांसाठी एकच झाली. आज ही रचना अशी आहे :

- कोलेज (वय ११ ते १५) : सहावा ते तिसरा वर्ग. नाव कॉलेजसारखे वाटले तरी ही माध्यमिक शाळा आहे. सरकारी कोलेजमध्ये फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. घराच्या पत्त्यानुसार शाळा ठरते. शेवटी 'ब्रव्हे' ही परीक्षा असते, पण त्यात नापास झाले म्हणून लिसेचा मार्ग बंद होत नाही.

- दिशा ठरवणे : 'तिसऱ्या' वर्गाच्या अखेरीस कुटुंब आपली पसंती कळवते आणि शिक्षकांची वर्गसमिती मुलाच्या प्रगतीवरून मत देते. मुले सर्वसाधारण व तांत्रिक लिसेकडे किंवा व्यावसायिक लिसेकडे वळतात. दोन वर्षांचे कारागिरीचे प्रमाणपत्र हाही पर्याय असतो.

- लिसे (वय १५ ते १८) : दुसरा वर्ग, पहिला वर्ग आणि तेर्मिनाल. सर्वसाधारण लिसेत पूर्वीच्या साहित्य, अर्थशास्त्र, विज्ञान अशा शाखा २०२१च्या बाकपासून गेल्या. आता विद्यार्थी 'पहिल्या' वर्गात तीन विशेष विषय निवडतो आणि शेवटच्या वर्षी त्यातले दोन ठेवतो. सर्वसाधारण आणि तांत्रिक लिसेत तत्त्वज्ञान सर्वांना सक्तीचे असते.

- बाक : सर्वसाधारण बाकचे ४० टक्के गुण वर्षभराच्या मूल्यमापनाचे, ६० टक्के अंतिम परीक्षांचे. अंतिम परीक्षांत फ्रेंच, दोन विशेष विषय, चार तासांचा तत्त्वज्ञानाचा पेपर आणि एक मोठी तोंडी परीक्षा. २० पैकी १० मिळाले की उत्तीर्ण. ८ ते १० दरम्यान असलेल्यांना तोंडी परीक्षेची दुसरी संधी मिळते.

- पुढे : २०१८ पासून 'पार्कूरस्युप' या सरकारी संकेतस्थळावरून विद्यापीठ, प्रेपा आदींसाठी अर्ज करावे लागतात.

आज एका पिढीतील साधारण पाचपैकी चार मुले कुठला ना कुठला बाक मिळवतात. काम्यूच्या वेळचे शंभरात दोन-तीन हे प्रमाण आठवले, तर हा बदल प्रचंड आहे.

मग चाळणी गेली का?

गेली नाही, ती पुढे सरकली. पूर्वी ती अकराव्या वर्षी लागत असे. आता पहिली पंधराव्या वर्षी, व्यावसायिक की सर्वसाधारण हे ठरताना. दुसरी अठराव्या वर्षी, कुठे प्रवेश मिळतो त्यावर. तेव्हा फरक फीचा होता. आता तो पत्त्याचा, विशेष विषयांच्या निवडीचा आणि घरात व्यवस्था समजणारे कुणी आहे का, याचा आहे. व्यावसायिक लिसेत कष्टकरी कुटुंबांतील मुले जास्त आणि प्रेपामध्ये अधिकारी, शिक्षकांची मुले जास्त, हे चित्र फ्रान्समध्ये कायम चर्चेत असते. उत्पन्नावर आधारित शिष्यवृत्त्या आजही आहेत. पण कोणते विषय घ्यावेत, कुठे अर्ज करावा हे त्या सांगत नाहीत.

ऑक्टोबर २०२० मध्ये सॅम्युएल पाती या इतिहासाच्या शिक्षकाची पॅरिसजवळ हत्या झाली. ते कोलेजमध्ये शिकवत. त्यांना राष्ट्रीय श्रद्धांजली वाहताना सोरबोन विद्यापीठाच्या प्रांगणात काम्यू यांचे झेर्मां यांना लिहिलेले पत्र वाचले गेले. शिक्षक नेमके काय करतो हे सांगण्यासाठी देशाला ६३ वर्षांपूर्वीच्या या पत्राची आठवण झाली.

काम्यू ज्या लिसेत ट्रामने जात, ते आजही अल्जिअर्समध्ये आहे. स्वतंत्र अल्जीरियात त्याला फ्रेंचांविरुद्ध लढलेल्या अमीर अब्देलकादेर यांचे नाव दिले गेले. झेर्मां बेलकूरमधून ज्या घरी चालत गेले, तिथे आजीला पटवण्यासाठी त्यांच्याकडे कोणताही सरकारी आदेश नव्हता. कायदे नंतर बदलले. १९२४ मध्ये मात्र सगळे एका शिक्षकाच्या शब्दावर अवलंबून होते.